रुखमिणीचे निरोप

९ सप्टेंबर

कीर्ती नागपूरला परत जाता जाता मला दोन कामं लावून गेली. एक ही वही. म्हणे, "बाबा, तुम्ही कोनाजवळ बोलत नाही, निदान लिहून तरी काढा." आणि दुसरं म्हणजे मोबाइलवर ग्रुप. नाव ठेवलं 'सुमित्राबाई तब्येत'. दुकानाच्या पाटीसारखं वाटते, पण असो. सुमित्राच्या पोटात कॅन्सर निघाला तेव्हापासून माझा फोन दिवसभर वाजून राहिला होता. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा. पोट कधी फुगलं, नागपूरच्या डॉक्टरनं काय म्हटलं, किमो किती. सांगता सांगता माझाच जीव जाते. आता रोज सकाळी सातला एकदाच लिहायचं की एकशे बेचाळीस लोकांना कळते.

एकशे बेचाळीस! अर्धे आमच्या मोहाडीचे विणकर, बाकी सोयरे आणि गिऱ्हाईक. अडतीस वर्षं हातमागावर कोशाच्या रेशमाच्या साड्या विणल्या त्याची ही कमाई. लेबलवर माझं, गोपाळरावाचं, नाव असलं की गिऱ्हाईक सुताला हात लावून पाहत नाही.

नावं वाचत खाली गेलो तर 'रुखमिणी मावशी'. सुमित्राची धाकटी बहीण, सिहोऱ्याची. लगेच कीर्तीला फोन लावला.

"तिले कायले घेतलं?"

"आईची सख्खी बहीण आहे बाबा."

"नऊ वर्षं झाली, या घराकडे ढुंकून पाहिलं नाही तिनं."

"मले माहीत आहे. आईनंच घ्याले सांगितलं."

मग काय बोलणार? ठेवला फोन.

१३ सप्टेंबर

ग्रुप कामाचा निघाला, खोटं कायले बोलू. दुसऱ्या किमोच्या आधी रक्त पाहिजे होतं. सकाळी लिहिलं तर दुपारपर्यंत सात जण तयार. शहापूरचा चंद्रकुमार, ज्याला मी आयुष्यात एकच साडी विकली असेन, तो मोटारसायकलनं थेट नागपूरला हजर. शेजारचा धर्मेंद्र, माझ्याच मागावर शिकलेला, त्यानं कोणाची गाडी कोणत्या दिवशी याची पाळी लावून दिली. भंडाऱ्याच्या उषाबाईंना चार वर्षांआधी हाच रोग झाला होता. त्यांनी बोलून पाठवलं की तोंडात फोड आले की थंड दहीभात कालवून द्या, तिखट दाखवूही नका. डॉक्टरनं हे काही सांगितलं नव्हतं.

वैतागही कमी नाही. नाचणारी फुलं येतात, कोणी गोमूत्र सांगते, कोणी पपईचा पाला. आणि सोयऱ्यांतल्या परसरामनं आज हद्दच केली. दुसऱ्या ग्रुपवर टाकायचं ते आमच्यावर टाकलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दहा मिनिटांत खाली तेरा जणांनी हात जोडले. दोघांनी 'फार चांगल्या होत्या' असंही लिहिलं. परसरामला फोनवर असा झाडला की तो रडायलाच आला. सुमित्रापासून लपवायला गेलो तर तिनं सगळं ऐकलेलं.

"फार चांगली होती असं कोन कोन म्हणते ते जित्तेपणीच कळलं," म्हणते कशी. "वाचा न पुरं."

किमोपासून तिच्या डोळ्यांना पाणी येते, बारीक अक्षर दिसत नाही म्हणते. म्हणून संध्याकाळी मीच सगळं वाचून दाखवतो.

१७ सप्टेंबर

वाचून झालं की ती रोज एकच विचारते. "रुखमिणीचं काही आलं का जी?" मी नाही म्हणतो. ती "बरं" म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. ताट तसंच परत येते.

आज नवव्यांदा विचारलं. चेहरा एवढासा झालेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, आलं न."

आता बोललो तर निभवा! मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि वाचल्यासारखं केलं. "बाई, तब्येत सांभाळ. जेवत जा. मले तुही लय आठवण येते." मोठ्या बहिणीला त्यांच्यात बाई म्हणतात, ते लक्षात होतं म्हणून बरं.

सुमित्रानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणे, "थोडा भात टाका."

किती दिवसांनी पोटभर जेवली. पाप लागेल तर मला लागो.

२२ सप्टेंबर

रोज एक निरोप तयार करावा लागून राहिला. मागावर बसल्या बसल्या मनात जुळवतो. रुखमिणीच्या तोंडी गोड शब्द घालायचे म्हणजे माझ्या जिवावर येते, कारण त्या बाईनं माझी भर मांडवात अब्रू काढली होती.

तिच्या पोरीचं, डिंपलचं लग्न. मी आहेरात कोशाची साडी नेली. सगळ्यांसमोर घडी उलगडली तर रुखमिणीनं पदराच्या दशीतून एक सूत ओढलं आणि समईवर धरलं. खरा कोसा जळला की केस जळल्यासारखा वास येते आणि राख बोटावर भुगा होते. ते सूत आकसलं आणि त्याचा गोळा झाला. ती म्हणाली, "भाऊजी, मी विणकराची पोरगी, माह्या घरी हे देता?" मी कडाडलो. समईच्या तेलानं गोळा होणारच, माझा माल जाळून पाहणारी तू कोण! आणि सुमित्रा उठली, माझ्या बाजूनं उभी राहिली, सख्ख्या बहिणीला म्हणाली, "माह्या घरच्या मालाले तू आग लावली. तुह्या दारात पाय नाही ठेवणार आता." तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही, काही नाही.

असा मान राखणारी बायको मिळायला नशीब लागते.

२७ सप्टेंबर

बरं झालं, सुमित्रा आजकाल आपणहून माहेरच्या गोष्टी सांगते. नाहीतर मी रोज काय नवीन सांगणार होतो? काल दुपारी म्हणाली, दोघी बहिणी एकाच गोधडीत झोपत आणि रुखमिणी पाय मारे. संध्याकाळी रुखमिणीचा निरोप आला, "बाई, गोधडीत तुले पाय मारत होती, आठवते का?" परवा तिनं सांगितलं की आईनं दोघींना एकाच ताग्यातली झंपरं शिवली होती. संध्याकाळी रुखमिणीलाही नेमकी तीच झंपरं आठवली.

सुमित्रा डोळे मिटून ऐकते. म्हणते, "रुखमिणीची याद मोठी पक्की हाय."

मी मनात म्हटलं, आहे बापा, आहे.

३० सप्टेंबर

आज काय झालं समजलं नाही. सकाळी तिनं सांगितलं, "आम्ही दोघी गावच्या बोडीत पोहत पोहत पार मधात जात होतो, कमळं तोडून आणत होतो." बोडी म्हणजे त्यांच्या घरामागचं तळं. मी संध्याकाळी लगेच लावून दिलं, "बाई, बोडीत पोहून आपण कमळं आणत होतो, ते दिवस गेले."

सुमित्रा हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळली, पाणी दिलं, तरी हसून राहिली. "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही जी. रुखमिणीनं पाण्याचं नाव काढलं न, म्हणून." बहीण आठवली की माणूस किती खूश होते पाहा.

६ ऑक्टोबर

कीर्ती येऊन गेली. तिला बोडीची गोष्ट सांगितली तर डोळे मोठे करून म्हणे, "आईले पोहता येत नाही बाबा. आणि मावशी तर गुडघाभर पाण्यातही उतरत नाही." औषधानं डोकं थोडं इकडंतिकडं होते असं उषाबाई म्हणाल्याच होत्या. मी कीर्तीला निरोपांबद्दल काही सांगितलं नाही.

धर्मेंद्रनं मला मोबाइलमधलं एक नवीन दाखवलं. आपण लिहिलेल्यावर बोट दाबून ठेवलं की कोणी कधी वाचलं ते दिसते. मी आठ दिवसांचं काढून पाहिलं. सातला मी टाकतो, सात वाजून एक मिनिटाला रुखमिणी वाचते. रोज. परवा नागपूरच्या धावपळीत मी साडेनऊला टाकलं, तर साडेनऊलाच वाचलं. सगळ्यांच्या आधी. आणि एक शब्द लिहीत नाही. ही काय मोबाइल हातात धरूनच बसते का? आमचं काही वाईट ऐकायला मिळते का म्हणून टपून असेल.

१४ ऑक्टोबर

तिसरी किमो झाली. सुमित्रा तीन दिवस नागपूरला राहिली, कीर्ती सोबत होती, मला मागाचं काम होतं म्हणून मी इकडे. काल घरी आली. संध्याकाळी मी वाचलं, "बाई, तू घरात नसली की घर खाले उठते. चहा केला तरी दोन कप होते. कोठीत तुह्या बांगड्यांचा आवाज येत नाही तर काम सुचत नाही."

ती म्हणाली, "रुखमिणी तं सिहोऱ्याले राहते. मी माह्या घरात नसली की कसं वाटते, ते तिले कसं मालूम?"

मी गडबडलो. "लहानपणाचं म्हणत असेल."

"हं," म्हणाली. मग हळूच म्हणे, "एक डाव अजून वाचा बरं ते. बांगड्यांचं."

मी वाचलं. पाठच झालं होतं.

२५ ऑक्टोबर

डॉक्टरनं मला एकट्याला आत बोलावलं. औषध लागू पडून राहिलं नाही. पोटात पाणी पुन्हा भरते. म्हणाले, आता घरीच ठेवा, खावंसं वाटेल ते द्या, ज्यांना भेटायचं त्यांना भेटून घेऊ द्या. किती दिवस ते विचारलं, तर म्हणाले, महिन्याच्या हिशेबात धरू नका.

बाहेर आलो तर ती बाकड्यावर बसून. "काय म्हणे?" मी म्हटलं, "आराम कर म्हणे." ती म्हणाली, "मंग घरी चला."

ग्रुपवर काय लिहू? 'तब्येत स्थिर' असं लिहिलं. रुखमिणीनं त्याच मिनिटाला वाचलं.

२८ ऑक्टोबर

परवा आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. गावोगावचे पाहुणे येतात. सुमित्रा म्हणाली, "रुखमिणी इतके निरोप धाडते, मंग येत काहून नाही? मंडईले ये म्हणा तिले."

मी म्हटलं, धान कापणी सुरू असेल. ती म्हणाली, "बहीण मरून राहिली तरी कापणी?" एवढ्या दिवसांत तिनं हा शब्द पहिल्यांदा काढला.

मग म्हणाली, "घ्या मोबाइल. मी सांगते ते लिहा. लिहा, रुखमिणी, मले एकडाव तरी खरं सांगून टाक. माह्यापाशी टाइम कमी हाय. मी रागावणार नाही. मले त्या मांडवातच समजलं होतं. तरी मी तुह्या बाजूनं भांडली, कारण तू माहा होता."

"माही होती," मी सुधारलं.

"तसं लिहा," म्हणाली.

ही रुखमिणीच्या बाजूनं कुठे भांडली? ती तर माझ्या बाजूनं भांडली. औषधानं पार डोकं फिरवून टाकलं माझ्या बाईचं. मी लिहिल्यासारखं केलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मी बाहेर येऊन रडलो.

३० ऑक्टोबर

मंडई झाली. सगळ्यांच्या घरी पाहुणे, आमच्या दारात एक पाट रिकामा मांडून ठेवला होता तिनं. कोणी आलं नाही. जेवली नाही. निरोप वाचला तर म्हणे, "राहू द्या आज."

शेवटी मीच लाज सोडली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा रुखमिणीला फोन लावला. एका घंटीत उचलला. मी म्हटलं, "रुखमिणी, बाईची तब्येत बरी नाही. एकदा येऊन जा." ती रडून राहिली होती असं वाटलं. मग म्हणाली, "भाऊजी, त्या सुताचं सांगा. माह्या बाईनं सगळ्या गोतासमोर मले खोटी ठरवलं. तुम्ही तितक्याच लोकांसमोर सांगा, मी त्याच पावली निघते." आणि ठेवून दिला.

२ नोव्हेंबर

या वहीत तरी लिहितो. कोणी वाचत नाही.

डिंपलची साडी मागावरच होती. दीड हात विणायचा बाकी होता. मी बोललो होतो की मांडवाच्या दिवशी आणीन आणि नाही जमलं. गोपाळरावाची साडी वेळेवर झाली नाही, हे सोयऱ्यांत सांगायचं? माझ्यानं झालं नाही. यंत्रमागाची मिसळ सुताची एक साडी आणली, माझं लेबल लावलं, घडी घातली. वाटलं, कोण पाहते. विणकराच्या पोरीनं पाहिलं.

सुमित्राला सांगितलं की ही दुसरी आहे, आंधळगावच्या मागावरून विणून आणली. मागावरच्या त्या साडीच्या आडव्या सुताच्या सगळ्या कांड्या तिनंच भरल्या होत्या, लग्नाहून आल्यावर तिनंच तिच्यावर फडकं झाकलं. तरी एका शब्दानं विचारलं नाही. भोळी आहे.

आणि त्या ग्रुपवर एकशे बेचाळीस लोक. माझं लेबल पाहून डोळे मिटून घेणारे. त्यांच्यासमोर काय सांगू?

४ नोव्हेंबर

आज सुमित्रानं सकाळी दोन घोट पेज घेतली आणि कप बाजूला केला. म्हणाली, "आता विचारत नाही मी रुखमिणीचं. तुम्हाले तरास होते."

ती विचारायची थांबली, ते मला सहन झालं नाही. मागाजवळ बसलो आणि लिहिलं. जसंच्या तसं इथे उतरवतो.

'सगळ्यांना नमस्कार. मी तुम्हाला खोटं लिहिलं. सुमित्राची तब्येत स्थिर नाही, डॉक्टरांनी हात टेकले. आणखी एक खोटं आहे. नऊ वर्षांआधी सिहोऱ्याला डिंपलच्या लग्नात मी दिलेली साडी कोशाची नव्हती. माझी साडी मागावरून उतरली नव्हती आणि तसं सांगायची मला लाज वाटली. रुखमिणीनं सूत जाळून पाहिलं ते बरोबर केलं. मी भर मांडवात तिला खोटं पाडलं. दोघी बहिणींची ताटातूट माझ्यामुळे झाली. रुखमिणी, तुझी बाई तुझी वाट पाहून राहिली. गोपाळ.'

सात वाजता टाकलं. सात वाजून एक मिनिटाला रुखमिणीनं वाचलं. मग वाचणाऱ्यांची नावं वाढत गेली, वीस, पन्नास, नव्वद. कोणी एक अक्षर लिहिलं नाही. नागपूरचे दोन गिऱ्हाईक ग्रुप सोडून गेले. धर्मेंद्र आला, माझ्याजवळ बसला, आणि मागावरचं तुटलेलं सूत सांधत राहिला. उषाबाईंनी तेवढं लिहिलं, 'भाऊ, आज त्यांना दहीभात द्या, गोड लागेल.'

अकरा वाजता वर दिसलं, 'रुखमिणी मावशी टाइप करत आहे'. गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. मग आलं.

'बाई जेवली का?'

मी धावतच आत गेलो. "सुमित्रा, रुखमिणीचं आलं!" आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरून वाचायला तोंड उघडलं तर तिनं हात पुढे केला.

"चष्मा द्या. हा मी सोता वाचते."

चष्मा दिला. तीन शब्दच, पण किती वेळ वाचत होती. बोटानं अक्षरांवरून हात फिरवला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तिनं पुसलं नाही.

"तुले..." मी म्हटलं, "तुले केव्हापासून माहीत होतं?"

"पयल्या दिवशीपासून. रुखमिणी मले आठवण येते असं कधी म्हणते का? थे तं भांडते." नाक ओढून म्हणाली, "अन् बोडीत पोहते म्हणे!"

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुम्ही बंद केलं असतं." ती दमली होती, थांबून थांबून बोलत होती. "चौतीस वर्सं झाली लग्नाले. बांगड्यांचा आवाज येत नाही तं काम सुचत नाही, असं तुम्ही कधी म्हटलं का मले? मी रुखमिणीचीबी वाट पाहत होती. पण संध्याकाळचीबी पाहत होती जी."

मी तिची चादर नीट केली, नीटच होती तरी.

मग तिनं एका बोटानं रुखमिणीला उत्तर लिहिलं. 'नाही जेवली. ये.' पाठवायचं कसं ते मी दाखवलं. लगेच उलट आलं की निघाली, तिचा पोरगा मनिष गाडीनं आणून राहिला.

दहीभाताची वाटी घेऊन मी जवळ बसलो. चार घास घेतले तिनं. डोळे मिटून पडली, मला वाटलं झोपली, तर म्हणते, "ऐका न. रुखमिणी आली तरी संध्याकाळचं वाचणं बंद नोका करजा. फक्त आता खाली तुमचं नाव घालत जा."

आता साडेबारा वाजले. रुखमिणीची गाडी तुमसर सोडून इकडे निघाली असेल. सुमित्रा दाराकडे तोंड करून पडली आहे. मी मागाजवळ वही घेऊन बसलो, संध्याकाळचं लिहायला. दोन ओळी लिहिल्या, दोन्ही खोडल्या. रुखमिणीच्या नावानं किती सोपं होतं, बापा.